शेंड्यावरचा मनुष्य

गेल्या पावसाळ्याच्या आरंभीं आमच्या महाविद्यालयाच्या आवारांतील एक जुनी चिंच धोक्याची झाली, म्हणून ती उतरविण्याचें ठरलें. कंत्राटदारानें आणलेल्या चौघांपैकीं एक जण कमरेस दोर बांधून व कोयता अडकवून वर चढला. वर्गाची घंटा झाली तरी विद्यार्थी हालेनात. आणि खरें सांगावयाचें तर त्यांचे प्राध्यापकही हालले नाहींत. तो मनुष्य अगदीं वरच्या फांदीवर ज्या सहजतेनें उभा राहिला ती पाहून कोणीं टाळ्याही वाजविल्या. तो सुखरूप खालीं आला. इजा झाली ती खालीं दोराचें टोंक धरून उभ्या असलेल्या पोराला. तोडलेली फांदी दुसऱ्या फांदीवर आपटून फिरली आणि तिचें बूड त्याच्या खांद्यावर आलें. त्या क्षणीं त्याच्याकडे आमच्यापैकीं एकाचेंही लक्ष नव्हतें. आम्ही सर्व वर पाहत होतों.

अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरील वृक्षच्छेदकांच्या इतिहासाकडे मी पुन्हां वळलों तो या प्रसंगानें. हा इतिहास जगास मुख्यतः छायाचित्रांतून ठाऊक आहे. डेरियस किन्सी नांवाच्या छायाचित्रकारानें वॉशिंग्टन संस्थानांतील अरण्यांत सुमारें पन्नास वर्षें हिंडून तीं घेतलीं. जड कॅमेरा व मोठमोठ्या काचा घेऊन तो छावण्या धुंडाळी, आणि त्याची पत्नी टॅबिथा घरीं त्या काचा धुवून चित्रें छापी. एका प्रचंड बुंध्याला घेतलेल्या खाचेंत तीन माणसें आरामांत पहुडलीं आहेत, अशा तऱ्हेचें एखादें चित्र बहुतेकांनीं कोठें ना कोठें पाहिलें असेल. तें पाहून मनुष्य लहान कीं शूर, याचा निर्णय होत नाहीं.

तो वृक्ष बहुधा डग्लस फर असे. डेव्हिड डग्लस या स्कॉटिश वनस्पतिसंशोधकाचें नांव त्याला मिळालें. उंच वृक्षांच्या शोधांत ज्यानें आयुष्य घालविलें तो हा गृहस्थ १८३४ सालीं हवाई बेटांत रानटी गुरें पकडण्यासाठीं खणलेल्या खड्ड्यांत मृत होऊन सांपडला. असो. या वृक्षाची उंची २०० ते २५० फूट सहज भरे, आणि जुन्या झाडांचा व्यास ८ फूट, क्वचित् त्याहूनही अधिक असे. तळाशीं बुंधा फुगीर व राळेनें भरलेला. तेथें करवत चिकटून बसे. म्हणून जमिनीपासून आठ-दहा फूट वर झाड तोडण्याची रीत पडली. त्यासाठीं बुंध्यांत कुऱ्हाडीनें एक लहान खोबण घ्यावयाची आणि तींत एक अरुंद फळी खुपसावयाची. फळीच्या टोंकास लोखंडाचा वर वळलेला ओंठ असे. माणसाचें वजन बाहेरच्या टोंकावर पडलें कीं तो लांकडांत रुतून बसे. म्हणजे फळीवर भार जितका अधिक तितकी तिची पकड घट्ट! अशा दोन फळ्यांवर समोरासमोर उभे राहून दोघे जण दिवसभर करवत ओढीत. ती दहा-बारा फूट लांब असे, आणि तिला त्यांनीं जें टोपणनांव ठेविलें होतें त्याचा अर्थ ‘यातनेचा चाबूक’ असा होतो. राळ सुटावी म्हणून रॉकेलची बाटली जवळ टांगलेली असे. छावणींत करवतींना धार लावणारा एक स्वतंत्र कारागीर असे. त्याच्या खोपटांत कोणीं लुडबुड केलेली त्याला खपत नसे. कारण करवत बोथट झाली तर मुकादमाच्या शिव्यांपेक्षां ओढणाऱ्यांचे खांदेच आधीं बोलत.

झाड पाडण्याचें शास्त्र ऐकावयास सोपें आहे. ज्या बाजूस पाडावयाचें त्या बाजूनें प्रथम खोल खाच घ्यावयाची, मग उलट बाजूनें करवत घालावयाची, आणि दोहोंच्या मध्यें लांकडाची एक अरुंद पट्टी न कापतां राखावयाची. ही पट्टी दाराच्या बिजागरीचें काम करते. तिच्यावर झाड कलतें, आणि ती जिकडे फिरवील तिकडेच पडतें. करवत अडकूं नये म्हणून मागून पाचरी ठोकावयाच्या. परंतु झाड आधींच कललेलें असेल, किंवा खाच उथळ राहिली असेल, तर पट्टी मोडण्याऐवजीं खोड मधोमध उभें चिरतें आणि चिरलेला भाग घोड्याच्या लाथेसारखा मागें उसळतो. या प्रकाराला ते लोक ‘न्हाव्याची खुर्ची’ म्हणत. वर अडकून राहिलेल्या सुक्या फांदीला त्यांनीं दिलेल्या नांवाचा अर्थ तर ‘बायकोला विधवा करणारी’ असा आहे. ज्या धंद्याची परिभाषा अशी, त्याचें अधिक वर्णन करण्याचें कारण नाहीं.

एवढा वृक्ष पाडल्यावर तो हालवावयाचा कसा? प्रथम बैलांच्या जोड्या लावीत. वाटेवर आडवे ओंडके पुरून, त्यांवर माशाचें तेल चोपडून, त्यांवरून लांकूड घसटत नेत. पुढें कॅलिफोर्नियांतील युरेका गांवच्या जॉन डॉल्बीअर यानें वाफेवर चालणारा एक रहाट तयार केला व १८८२ सालीं त्याचा हक्क नोंदविला. त्याला ‘गाढव’ हें नांव पडलें. पोलादी दोराच्या टोंकास ओंडका बांधावा आणि या गाढवानें तो ओढून घ्यावा. पण जमिनीवरून येणारा ओंडका दर दहा पावलांवर थोटकांना अडे, मातींत नाक खुपसून बसे. तेव्हां, विसाव्या शतकाच्या आरंभास, एक युक्ति निघाली: दोर जर उंचावरच्या कप्पींतून ओढला तर ओंडक्याचें पुढचें टोंक उचललें जाईल आणि तो अडथळ्यांवरून उड्या मारीत येईल. यासाठीं दीड-दोनशें फुटांची डोलकाठी पाहिजे. ती कोठून आणावयाची? ती अरण्यांत उभीच होती. तिच्या फांद्या छाटून शेंडा तेवढा उतरविला कीं काम झालें. आणि त्यासाठीं एक मनुष्य वर जाणें अवश्य झालें.

येणेंप्रमाणें वृक्षारोहकाचा धंदा यंत्रानें जन्मास घातला. हा धंदा अनादि असेल अशी माझी बरेच दिवस समजूत होती. आपल्या कोंकणांतील माडावर चढणारा पाडेली डोळ्यांसमोर असल्यामुळें तसें वाटलें असावें. पण माडावर चढणें व हें चढणें यांत मोठें अंतर आहे. माडाला कवळ घालतां येते. या वृक्षाला चार माणसांनीं हात धरले तरी येत नाहीं.

वृक्षारोहकाचें साहित्य थोडें असे. दोन्ही पायांच्या आंतल्या बाजूस पट्ट्यांनीं बांधलेले पोलादी कांटे. फरची साल जाड, म्हणून हे कांटे तारखात्याच्या खांबांवर चढणाऱ्यांच्या कांट्यांहून लांब असत. कमरेस रुंद चामडी पट्टा, आणि बुंध्याभोंवतीं फिरवून पट्ट्यांत अडकविलेला दोर. या दोराच्या पोटांत पोलादी तार घातलेली असे. फांद्या छाटतांना कुऱ्हाडीचा एक घाव चुकून दोरावर बसला तर नुसता ताग तुटून जाईल, आणि त्याबरोबर मनुष्यही. कुऱ्हाड व करवत हीं त्याच्या पट्ट्यापासून दोरीनें खालीं लोंबत. मागें रेलून दोर सैल करावयाचा, तो झटक्यानें हातभर वर फेंकावयाचा, मग दोन पावलें चढावयाचें. फांदी आली कीं छाटावयाची. पुन्हां दोर फेंकावयाचा. जमिनीपासून दीडशें फुटांवर, जेथें खोडाची जाडी दोन-तीन फूट उरे, तेथें तो थांबे. तेथें खालच्याप्रमाणेंच खाच, खालच्याप्रमाणेंच उलट बाजूनें करवत. फरक इतकाच कीं खालचा मनुष्य झाड कलतांच पळूं शकतो, आणि वरच्यानें स्वतःला त्या झाडाशीं बांधून घेतलेलें असतें.

शेंडा सुटतो तेव्हां जातां जातां उरलेल्या खोडास मागें ढकलतो, आणि तें खोड आरोहकासकट कित्येक फूट इकडून तिकडे झोके घेतें. तेवढा वेळ मिठी मारून बसण्यावांचून उपाय नाहीं. परंतु याहून वाईट म्हणजे शेंडा तुटतांना खोड चिरणें. खोड चिरलें कीं फुगतें. बुंध्याभोंवतींचा दोर तर न ताणणारा. आणि या दोहोंमध्यें मनुष्याची कंबर! ज्या पोलादी तारेनें त्याला कुऱ्हाडीपासून वांचवावयाचें तीच अशा वेळीं त्याला चिरडून टाकी. कांहीं आरोहक यासाठीं चिरण्याच्या जागेखालीं सांखळी आवळून बांधीत. शेंडा गेल्यावर राहिलेल्या तबकडीवर उभें राहून टोपी हालविणारे, इतकेंच काय पण शीर्षासन करणारे वीरही होऊन गेले. नंतर खरें काम: शेंकडों रत्तल वजनाची कप्पी वर चढवून बांधणें, आणि खोड ताणानें उपटूं नये म्हणून चोहोंकडे पोलादी ताण लावणें. छावणींत सर्वांत अधिक मजुरी घेणाऱ्यांत या मनुष्याची गणना होई. आणि छायाचित्रकार येत तेही त्याच्यासाठीं.

तथापि अरण्यांतील मृत्यूचें घर शेंड्यावर नव्हतें. तें खालीं होतें. कप्पींतून येणारा ओंडका उड्या मारीत येई तो कोणाच्या अंगावर येईल याचा नेम नसे. ओंडक्याभोंवतीं फांस घालणारीं पोरें डोंगराच्या उतारावर चिखलांत धांवत. इंजिन चालविणाऱ्यास तीं दिसतही नसत. त्याला इशारत मिळे ती शिटीची, आणि शिटीची तार ओढणारा बहुधा एखादा मुलगाच असे. इशारत एक क्षण आधीं गेली, कीं दोर ताठ झालाच. ताणलेला पोलादी दोर तुटला तर कोयत्यासारखा फिरे. आरोहकाला स्वतःच्या चुकीचें भय होतें. खालच्यांना दुसऱ्या दहाजणांच्या.

आणि त्या काळचा कायदा दहाजणांच्या चुकीचा भार मरणाऱ्यावरच घाली. त्यानें नोकरी पत्करली तेव्हां धोकाही पत्करला. अपघात सोबत्याच्या चुकीनें झाला, मालकाच्या नव्हे. त्याचा स्वतःचाही थोडा हलगर्जीपणा होताच. या तीन सबबींपुढें विधवेचा दावा क्वचितच टिके. १९११ सालीं वॉशिंग्टन संस्थानानें कामगारांच्या नुकसानभरपाईचा कायदा केला, आणि दोष कोणाचा हा प्रश्नच बाजूस सारून मालकांच्या वर्गणीच्या निधींतून भरपाई देण्याचें ठरविलें. या सुधारणेस लांकडाच्या मालकांचाही पाठिंबा होता, कारण दाव्यांच्या खर्चाला तेही कंटाळले होते. परोपकार व हिशेब यांची गांठ अशी कधीं कधीं पडते.

छावण्यांतील राहणी सुधारण्यास मात्र संप घडावा लागला. आपलें कांबळें पाठीवर घेऊन कामगारानें छावणी गांठावी, आणि ओल्या कपड्यांच्या वाफेंत व उवांच्या संगतींत फळ्यांवर निजावें, अशी स्थिति होती. १९१७ च्या उन्हाळ्यांत संप झाला. युद्धाचे दिवस, विमानांसाठीं स्प्रूसचें लांकूड हवें. सरकारनें अरण्यांत सैनिक पाठविले, पण १९१८ च्या मार्चपासून आठ तासांचा दिवसही मान्य करावा लागला. त्याच सालीं मेच्या पहिल्या तारखेस लांकूडतोड्यांनीं आपलीं जुनीं कांबळीं जाळलीं.

याच लांकडाच्या व्यापाराशीं आपल्या लोकांचाही संबंध आला, हें येथें सांगितलें पाहिजे. पंजाबी मजूर तेथील लांकडाच्या गिरण्यांत मोठ्या संख्येनें होते. ४ सप्टेंबर १९०७ रोजीं बेलिंगहॅम येथें गोऱ्या कामगारांच्या जमावानें त्यांना घरांतून ओढून काढलें, आणि थोड्याच दिवसांत ते सर्व तें गांव सोडून गेले. पुढें १९१३ सालीं ऑरेगनमधील अ‍ॅस्टोरिया येथें ज्या सभेंतून गदर पक्ष उभा राहिला तिच्यांत असे गिरणीमजूरच पुष्कळ होते. अध्यक्ष सोहनसिंग भकना स्वतः लांकडाच्या गिरणींत राबलेले. वर्ध्याचे पांडुरंग सदाशिव खानखोजे त्या वेळीं त्या भागांत शेतकीचे विद्यार्थी होते व या मजुरांत मिसळून चळवळीचें काम करीत. आमच्या क्रांतिकारकांच्या चरित्रांत त्या गिरण्यांचा उल्लेख ओझरताच येतो. मजूर दिवसभर करीत तरी काय होते, हें विचारण्याची आम्हांला संवय नाहीं.

आरोहकाचा धंदा जसा यंत्रानें आणला तसा यंत्रानेंच नेला. दुसऱ्या महायुद्धानंतर चाकांवर हिंडणारे पोलादी मनोरे आले आणि डोलकाठीची गरज संपली. करवतीची जागा यंत्रकरवतीनें घेतली. ऑरेगनमधील जोसेफ कॉक्स यानें १९४६ सालीं लांकूड पोखरणाऱ्या एका अळीचे जबडे निरखून तिच्यासाठीं नव्या दांतांची सांखळी बनविली. सारा व्यवसाय पन्नास-साठ वर्षांत आटोपला. आतां झाडांवरची ही चढाई मुख्यतः शहरांतील वृक्षांची निगा राखणारे लोक करतात, किंवा जत्रेंतील शर्यतींत ती पाहावयास मिळते. पण शेंड्यावरचा मनुष्य गेला तरी खालचे मृत्यू थांबले नाहींत. २०२३ सालच्या अमेरिकन सरकारी आंकड्यांप्रमाणें सर्व धंद्यांत मिळून दर लाख कामगारांमागें कामावरील मृत्यू सुमारें ३.५ होतात, लांकूडतोडीच्या धंद्यांत तेच प्रमाण ९९ च्या घरांत आहे. त्यांतील बहुतेक मृत्यू वरून पडल्यानें होत नाहींत, अंगावर कांहीं पडल्यानें होतात.

किन्सीची गोष्ट सांगावयाची राहिली. अर्धशतक तो या अरण्यांत मोक्याची जागा साधण्यासाठीं कॅमेरा घेऊन चढत उतरत होता. १९४० सालीं, वयाच्या सत्तरीनंतर, तो पडला व जायबंदी झाला. तो झाडावरून नव्हे, एका तोडलेल्या झाडाच्या थोटकावरून. त्यानंतर त्यानें छायाचित्र घेतलें नाहीं. १९४५ सालीं तो वारला.