लिनक्सची सेटिंग सोपी कशी झाली? आणि त्यात मराठी कशी आणायची?

विंडोज १० ला मिळणारे नियमित सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले. घरातला जुना संगणक धडधाकट आहे, पण त्यावर विंडोज ११ चालत नाही, अशा वेळी लिनक्स हा एक मोफत पर्याय असतो. मात्र ‘लिनक्स अवघड असते’ हे ऐकून बरेच जण तिथेच थांबतात. हे आज कितपत खरे आहे?

लिनक्स म्हणजे काय?

१९६९ मध्ये अमेरिकेतील बेल लॅब्समध्ये युनिक्स ही प्रणाली जन्माला आली. त्याच धर्तीवर लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्सचा गाभा लिहिला. उबुंटू, लिनक्स मिंट ही त्या गाभ्यावर उभी केलेली, वापरायला तयार रूपे आहेत. त्यांना ‘डिस्ट्रो’ म्हणतात.

पूर्वी अडचण काय होती?

नव्वदच्या दशकात पडद्यावर चित्र दिसण्यासाठीसुद्धा एका फाइलमध्ये मॉनिटरची फ्रिक्वेन्सी स्वतः लिहावी लागे. आकडा चुकला की पडदा काळा. काही जुने मॉनिटर तर चुकीच्या आकड्याने बिघडूही शकत. म्हणजे आपल्या यंत्राची सगळी माहिती वापरणाऱ्यालाच असेल, असे गृहीत धरलेले होते.

मग ते सोपे कसे झाले?

तीन गोष्टींमुळे.

*यंत्र स्वतःची ओळख देऊ लागले.* आजचा मॉनिटर आपले मोजमाप केबलमधूनच संगणकाला कळवतो. त्यामुळे ती फाइल लिहायची गरज सहसा पडत नाही.

*आधी चालवून पाहता येऊ लागले.* २००० साली आलेल्या नॉपिक्सने सीडीवरून थेट चालणारे लिनक्स लोकप्रिय केले. उबुंटू २००४ मध्ये आले आणि २०११ पर्यंत त्याच्या सीडी टपालाने फुकट घरपोच मिळत. आता हेच काम पेनड्राइव्ह करतो.

*प्रश्न कमी झाले.* याचे टोकाचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. २००७ साली रायगड जिल्ह्यातील खैरात गावच्या मराठी शाळेत मुलांना ‘एक्सओ’ लॅपटॉप मिळाले. त्यात लिनक्सवर चालणारा ‘शुगर’ हा पडदा होता. पहिल्यांदा सुरू केल्यावर तो मुलाला फक्त नाव आणि आवडता रंग विचारी. बाकी सेटिंग आधीच ठरवलेली असे.

मराठीचे काय?

मराठी माणसाला अक्षरे नीट दिसली पाहिजेत आणि टाइपही करता आली पाहिजेत. रेड हॅट कंपनीने २००४ मध्ये ‘लोहित’ हे भारतीय लिप्यांचे फॉन्ट खुले केले. सी-डॅकने २००७ मध्ये भारतीय भाषांची सोय असलेली ‘बॉस’ ही डिस्ट्रो आणली. आज उबुंटू किंवा मिंटमध्ये मराठी कीबोर्ड जोडण्यासाठी वेगळे काही विकत घ्यावे लागत नाही.

सेटिंगमध्ये कीबोर्डच्या यादीत जाऊन ‘मराठी’ची इनस्क्रिप्ट मांडणी निवडा. ही मांडणी सरकारमान्य आहे. त्यात ‘वाणगाव’ लिहायला बी, ई, शिफ्ट-सी, आय, ई, बी ही बटणे दाबायची. बहुतेक स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजने उजव्या हाताला. ‘वाऱ्यावर’ मधला ‘ऱ’ शिफ्ट-जे वर आहे. उबुंटूमध्ये इंग्रजी-मराठी अदलाबदल विंडोजचे बटण आणि स्पेसबार एकत्र दाबून होते.

मेनूही मराठीत हवे असतील तर भाषेच्या सेटिंगमधून मराठी घ्या. काही शब्द इंग्रजीतच राहतील. अडचण आल्यावर इंग्रजी सूचना वाचून उपाय शोधणार असाल, तर सुरुवातीला मेनू इंग्रजी आणि टायपिंग मराठी ठेवणे सोयीचे.

टाकण्यापूर्वी काय तपासावे?

- फोटो आणि कागदपत्रांची प्रत दुसरीकडे ठेवा. संपूर्ण डिस्कवर लिनक्स टाकले की जुने सगळे पुसले जाते.
- पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवून वायफाय, आवाज आणि प्रिंटर तपासा. इथेच गाडी अडली तर तुमचे काहीही गेलेले नसते.
- वायफाय सापडत नसेल तर अँड्रॉइड फोन यूएसबी केबलने जोडून ‘यूएसबी टेदरिंग’ सुरू करा. बहुतेक वेळा इंटरनेट मिळते आणि मग वायफायचा ड्रायव्हर उतरवता येतो.
- मिंटमध्ये ‘टाइमशिफ्ट’ सुरू ठेवा. सेटिंग बिघडली तर प्रणाली आधीच्या स्थितीला नेता येते. तुमच्या फाइलींची प्रत मात्र वेगळीच ठेवावी लागते.

अजून काय अडते?

काही सॉफ्टवेअर फक्त विंडोजसाठीच असते. एखाद्या कामासाठी असे सॉफ्टवेअर लागत असेल तर आधी चौकशी करा. जुन्या, युनिकोड नसलेल्या मराठी फॉन्टमधल्या फाइली अगम्य अक्षरांत दिसतील. तो दोष लिनक्सचा नाही. तो फॉन्ट नसलेल्या विंडोजवरही तेच होते. अशा फाइली युनिकोडमध्ये बदलून घ्याव्यात.

थोडक्यात, अवघडपणा पूर्ण गेलेला नाही. पण आज तो बहुधा वायफाय, प्रिंटर आणि ठरावीक सॉफ्टवेअर एवढ्यापुरताच उरला आहे, आणि यातले बरेचसे पेनड्राइव्हवर तासाभरात, एक रुपयाही न मोजता तपासता येते. जवळपास लिनक्स जाणणारे कोणी नसेल तर तो तासभर जरूर काढा. जुना संगणक भंगारात द्यायचा की वापरायचा, हे त्यानंतर ठरवा.