कळलावी : देखणी, पण विषारी

पावसाळा सुरू झाला की सह्याद्रीतील झुडपांवर लाल-पिवळ्या ज्वाळा पेटल्यासारखे दृश्य दिसते. ही कळलावी, संस्कृतात अग्निशिखा, कोकणात ‘गौरीचे हात’. आशिया व आफ्रिकेच्या उष्ण प्रदेशांत मूळ असलेली ही बहुवर्षायू वेल झिम्बाब्वेचे राष्ट्रीय फूल आहे, तसेच तमिळनाडूचे राज्यफूलही.

नावामुळे तिची बदनामीच अधिक झाली. ती घरात आणल्यास भांडणे लागतात, असा समज आहे. वास्तविक ही कळ प्रसूतीची. कळा याव्यात म्हणून पूर्वी तिच्या कंदाचा लेप ओटीपोटावर लावीत. हा प्रयोग आज कोणीही करू नये. तिच्या सर्वांगात कोल्चिसीन हे विषारी द्रव्य असते. रताळे समजून कंद खाल्ल्याने माणसे दगावली आहेत. हेच द्रव्य अत्यल्प मात्रेत ‘गाऊट’ या सांधेदुखीवर औषध ठरते आणि त्यासाठी तमिळनाडूत बियांकरिता तिची शेती होते.

बागेत लावायची असल्यास मेअखेरीस निचऱ्याच्या मातीत कंद आडवा ठेवावा. टोकाचा कोंब जपावा, तो मोडल्यास कंद बहुधा वायाच जातो. पानांची टोकेच आधाराला वेटोळे घालतात, त्यामुळे बारीक काठ्या पुरतात. हिवाळ्यात वेल सुकली की पाणी बंद करावे. कंद हाताळताना हातमोजे घालावेत, लहान मुले व जनावरे दूर ठेवावीत. कंद रोपवाटिकेतूनच घ्यावा, डोंगरातून उपटून नव्हे.