चौकटीचे दुकान आणि चित्रांचे संपादन

मराठी साहित्याचा इतिहास लिहिताना आपण संपादकाला त्याचे माप देतो. श्री. पु. भागवत, राम पटवर्धन यांच्यावाचून 'सत्यकथे'चा आणि म्हणून नवकथेचा विचार पुरा होत नाही, हे आता वर्गातही सांगितले जाते. १९८२ साली 'सत्यकथा' बंद पडले तेव्हा नेमके काय संपले, यावर आजही वाद होतात. चित्रकलेच्या बाबतीत मात्र आमची समजूत फार भाबडी असते. चित्रकार चित्र काढतो आणि ते कुठेतरी टांगले जाते, एवढीच ती समजूत. ते कोणी टांगले, का टांगले, आणि विकले जाईपर्यंत कोणी कळ काढली, हे प्रश्न आपण सहसा विचारत नाही. जेऊरसारख्या रेल्वेच्या गावी राहून साहित्य वाचणाऱ्या आणि शिकवणाऱ्या आम्हा मंडळींना हे प्रश्न उशिरा पडले. पडले तेव्हा उत्तर शोधत आम्ही पोहोचलो ते मुंबईच्या 'केमोल्ड' या कलादालनापाशी.

'केमोल्ड' हे नाव कलेचे नव्हेच. 'केमिकल मोल्डिंग' या दोन शब्दांच्या संक्षेपातून ते तयार झाले. केकू गांधी (१९२०-२०१२) हे केंब्रिजमध्ये शिकणारे पारशी तरुण. १९३९ साली महायुद्ध सुरू झाले तेव्हा ते मायदेशी होते आणि परतण्याची वाट बंद झाली. पुढे एका बेल्जियन गृहस्थाच्या साथीने १९४१ साली त्यांनी चित्रांच्या चौकटी बनवण्याचा उद्योग सुरू केला. देवादिकांच्या तसबिरी आणि घरातल्या वडीलधाऱ्यांची छायाचित्रे मढवण्याचाच तो काळ. पण प्रिन्सेस स्ट्रीटवरच्या त्यांच्या दुकानाच्या दर्शनी काचेत तसबिरींऐवजी आरा, हुसेन, हेब्बर अशा तेव्हाच्या नव्या चित्रकारांची कामे दिसू लागली. रस्त्याने जाणाऱ्याला तिकीट नाही, निमंत्रण नाही. मुंबईतल्या आधुनिक चित्रकलेला मिळालेली ही एक पहिली खुली जागा, आणि ती होती एका दुकानाची खिडकी. मराठी नवसाहित्याची गिरगावातली खटाववाडी तिथून चालत जाण्याच्या अंतरावर होती, ही गोष्ट साहित्याच्या अभ्यासकांनी ध्यानात ठेवावी अशी आहे.

या चित्रकारांना त्या काळात आधार मिळाला तो बऱ्याच अंशी युरोपातून आलेल्या माणसांचा. वॉल्टर लँगहॅमर, समीक्षक रुडॉल्फ फॉन लायडन आणि संग्राहक इमॅन्युएल श्लेसिंगर ही त्यांतली ठळक नावे. १९४७ साली प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन झाला. मार्गदर्शक, समीक्षक आणि गिऱ्हाईक असे तिघेही असल्याशिवाय कोणताही कलाव्यवहार उभा राहत नाही. केकू गांधींनी त्यात चौथा माणूस आणला. चित्र दाखवण्याची जबाबदारी घेणारा माणूस.

१९५२ साली सर कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून काळा घोडा परिसरात, वस्तुसंग्रहालयाच्या आवारात जहांगीर आर्ट गॅलरी उभी राहिली. तिच्याच पहिल्या मजल्यावर १९६३ साली केकू आणि खोर्शेद गांधी या दांपत्याने 'गॅलरी केमोल्ड' सुरू केली. या एकाच इमारतीत दोन निराळ्या पद्धती नांदत होत्या, आणि आमच्या मते सगळा मुद्दा त्यातच आहे. तळमजल्यावरच्या दालनांसाठी चित्रकाराने अर्ज करावा, भाडे भरावे, पाळीची वाट पाहावी. जिना चढून वर गेले की व्यवहार बदलत असे. तिथे दालन चित्रकाराची निवड करी आणि प्रदर्शनाची जोखीम स्वतः उचली. स्वखर्चाने छापलेले पुस्तक आणि संपादकाने स्वीकारलेले पुस्तक यांत जो फरक, तोच हा फरक. पहिली पद्धत अधिक लोकशाहीची आणि दुसरी अधिक विवेकाची, असे ढोबळपणे म्हणता येईल. अर्थात निवडीत चूक होते, पक्षपातही होतो. 'सत्यकथे'वरही तो आरोप झालाच होता. पण निवडणाऱ्याला आपल्या निवडीचा जाब देता येतो. भाडे घेणाऱ्याला तो कोणी विचारत नाही.

या निवडीची कसोटी पाहणारे एक उदाहरण महाराष्ट्राच्या अगदी घरचे आहे. वारली चित्रे मुळात घराच्या भिंतीवरची. लग्नात सुवासिनींनी तांदळाच्या पिठाने चौक लिहायचा, त्यात पालघाट देवीची स्थापना करायची, आणि कार्य उरकले की त्या चित्राचे कामही संपले. सत्तरच्या दशकात भास्कर कुलकर्णी डहाणूच्या पाड्यांवर हिंडले. त्यांनी कागद पुढे केला आणि जिव्या सोमा मशे यांचा हात त्यावर चालू लागला. १९७५च्या सुमारास मशे यांची चित्रे केमोल्डमध्ये लागली. आदिवासी चित्रकाराला 'कारागीर' न म्हणता चित्रकार म्हणून, नावानिशी मांडणे हे त्या काळी साधे पाऊल नव्हते. मशे यांना पुढे जगभर कीर्ती मिळाली, २०११ साली पद्मश्री मिळाली. २०१८ साली त्यांचे निधन झाले. पण हिशेबाची दुसरी बाजूही लिहायला हवी. भिंत सुटली तशी त्या भिंतीवर लिहिणाऱ्या बायकांची नावे मागे राहिली. विधी सुटला आणि चित्र उरले. चौकटीने जे वाचवले त्याचे मोल मोठे आहेच, तरी चौकटीबाहेर जे राहिले त्याची नोंद समीक्षेने ठेवली पाहिजे.

विशेष हे की पुढे याच दालनात चौकटीविरुद्धही चित्र झाले. १९९२ साली नलिनी मलानी यांनी केमोल्डच्या भिंतींवरच 'सिटी ऑफ डिझायर्स' हे चित्र रेखाटले आणि प्रदर्शन संपताच ते पांढऱ्या रंगाखाली गेले. नाथद्वाऱ्याच्या जुन्या भित्तिचित्रांची होणारी हेळसांड त्यामागे होती. एका आदिवासी भिंतीवरचे क्षणिक चित्र या दालनाने कागदावर टिकवले होते. आता शहरातल्या एका चित्रकर्तीने त्याच दालनाच्या भिंतीवर क्षणिकता परत आणली. विकता येणार नाही असे चित्र विक्रीच्या जागेत लागले, याचे श्रेय चित्रकर्तीइतकेच दालनालाही द्यावे लागते.

१९८८पासून सूत्रे शिरीन गांधी यांच्याकडे आली. २००७ साली दालन जहांगीर सोडून फोर्टमधल्या प्रेस्कॉट रोडवरील क्वीन्स मॅन्शन या जुन्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर गेले आणि 'केमोल्ड प्रेस्कॉट रोड' झाले. जागा ऐसपैस झाली. व्हिडिओ, मांडणीशिल्पे यांना लागणारी उंची आणि मोकळीक मिळाली. पन्नास वर्षांच्या निमित्ताने २०१३-१४मध्ये गीता कपूर यांनी 'एस्थेटिक बाइंड' ही पाच प्रदर्शनांची मालिका तिथे रचली. दालनाचा इतिहास समीक्षकाच्या हाती सोपवण्याचा तो प्रकार होता. पण एक गोष्ट हरवलीही. जहांगीरमध्ये पावसाला चुकवून आत शिरलेला माणूस सहज वर डोकावत असे. तिसऱ्या मजल्यावर माणूस ठरवूनच जातो.

आणि जेऊरहून जाणाऱ्याला तर मुंबईच ठरवून गाठावी लागते. हुसेन जन्मले आमच्याच जिल्ह्यातल्या पंढरपुरात, १९१५ साली. २००६ साली त्यांना देश सोडावा लागला, २०११ साली लंडनमध्ये ते वारले. आमच्यातल्या बहुतेकांनी त्यांचे मूळ चित्र प्रथम पाहिले ते मुंबईला जाऊन. तोवर आमची चित्रसाक्षरता दीनानाथ दलालांच्या 'दीपावली'च्या मुखपृष्ठांवर झालेली. त्यात कमीपणा नाही, पण छपाईतले चित्र आणि समोरचे चित्र यांतले अंतर ठाऊक नसणे ही मात्र उणीव आहे. कविता पोस्टाने गावी येते. चित्र येत नाही, आपल्यालाच त्याच्याकडे जावे लागते.

खाजगी दालनात शिरायला पैसे पडत नाहीत, हे आमच्या विद्यार्थ्यांना सांगावे लागते. तिथे फक्त श्रीमंतांनीच जायचे असते, असे त्यांना वाटते. प्रिन्सेस स्ट्रीटच्या त्या काचेपुढे थांबणाऱ्याला तसे वाटले नसावे. म्हणून यापुढे साहित्याच्या सहलीत मुंबईला गेलो की खटाववाडी पाहून झाल्यावर क्वीन्स मॅन्शनचा जिनाही चढायचा, असे आम्ही ठरवले आहे.