किनाऱ्यावरचे आपले पंचांग

येथे वाढलेल्या आमच्या मुलांना समुद्र म्हटला की अश्दोदचा समुद्र आठवतो. तो सदा एका जागी असतो. भरती आणि ओहोटी यांत तेथे हातभराचा फरक पडला तर पडला. अलिबागेस उधाणाच्या दिवशी पाणी चार-पाच मीटर चढते-उतरते, आणि ओहोटी लागली की ज्या कुलाबा किल्ल्याभोवती सकाळी होडी फिरत होती तेथे दुपारी माणसे चालत जातात, हे आम्ही त्यांना सांगतो तेव्हा बाप गोष्ट रचून सांगतो आहे असेच त्यांना वाटते.

आम्हाला मात्र वाटते की आपल्या समाजाचा इतिहास समजून घ्यायचा तर या भरती-ओहोटीपासूनच सुरुवात करावी.

आपले पूर्वज खांदेरी-उंदेरीजवळ गलबत फुटून नवगावच्या किनाऱ्याला लागले, सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या, बाकीच्यांना तेथेच मूठमाती मिळाली, ही कथा प्रत्येक घरात सांगितली गेली आहे. ग्रंथ समुद्रात गेले, हिब्रू भाषा विसरली गेली. मग सणांचे दिवस कसे लक्षात राहिले? हिब्रू महिना चंद्राचा आणि मराठी महिनाही चंद्राचा. अमावास्येला आणि पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग, हे कोकणातल्या पोरासोरांनाही ठाऊक असते. ज्यांच्या दारात समुद्रच दर पंधरवड्याला चंद्राची खबर देतो, त्यांना पेसाहची रात्र चुकणे कठीणच होते, असे आपले आमचे मत आहे. अधिक महिन्यामुळे कधी महिन्याचा फरक पडत असेल, तो गोष्ट निराळी.

सणांची नावे पाहा. हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी 1897 साली लिहिलेल्या आणि 1937 साली तेल अवीव येथे छापल्या गेलेल्या इतिहासात ती नोंदली आहेत. रोश हशाना हा आपला 'नव्याचा सण'. हळवे भात त्या सुमारास तयार होते, त्या नव्या तांदळाचा. त्यामागून 'खिरीचा सण'. कोठेही शोफार नाही, ग्रंथ नाही, पण शेत आहे आणि चूल आहे. आणि अव महिन्याच्या नवमीचा उपास, ज्या दिवशी मंदिराचा नाश झाला, तो आपल्याकडे 'बिरड्याचा सण'.

या बिरड्यावर थोडे थांबावेसे वाटते. वैशाखात आमच्या घरी आगोटीची बेगमी सुरू होई. तांदूळ, लाकूडफाटा, मीठ, सुके बांगडे आणि मडकेभर कडवे वाल. भिंतींना झापे बांधली जात. रात्री झाडांवर काजवे, पहाटे पावशाचे ओरडणे, आणि मृग लागला की ओल्या मातीवर मखमली तांबडे किडे. मग चार महिने पाऊस. अलिबागेस वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पडतो, आणि त्यातला बहुतेक या चार महिन्यांतच. कोळ्यांच्या होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारलेल्या असत. नारळी पौर्णिमेपर्यंत ताजी मासळी दुर्मिळ. अवची नवमी पुष्कळदा या पौर्णिमेच्या पाचसहा दिवस आधी येते. त्या दिवसांत मांस वर्ज्य, मासळी नाही, भाजी पावसाने कुजलेली. घरात उरले काय, तर वाल. ते भिजवायचे, मोड आणायचे, सोलायचे, आणि उपास सुटला की केळीच्या पानावर वाढायचे. यरुशलेमच्या दुःखाला आपल्या आजींनी असे कोकणच्या पावसाळ्याचे नाव दिले.

मासळीचेही तेच. दाविद राहाबी आला (कोणी त्याला हजार वर्षांपूर्वीचा मानतात, कोणी अठराव्या शतकातला), तेव्हा त्याने बायकांपुढे सर्व जातींची मासळी ठेवली असे सांगतात. त्यांनी पर आणि खवले असलेली तेवढी निवडली. कोळंबी, चिंबोरी, मुशी, शिंगाळा बाजूला. शेजारघरी कोळंबीचे कालवण शिजत असता खाडीच्या बोयीवर समाधान मानणाऱ्या त्या बायका आपल्या पहिल्या पंडित होत. घाणा शनिवारी बंद ठेवणारे 'शनिवार तेली' सर्वांना ठाऊक आहेत. टोपलीतली चिंबोरी परत करणारीचे नाव कोणी घेत नाही.

पुढे मुंबईस 1796 साली पहिली मशीद उभी राहिली, गावोगावीही झाल्या, प्रार्थनेची पुस्तके आली. त्यांत सुक्कोथच्या शेवटी म्हणायची पावसाची प्रार्थना होती. येथेच गंमत झाली. तिश्रीत कोकणातला पाऊस परतत असतो. शेतात गरवे भात पिकून पिवळे झालेले. त्या वेळी पडलेली एक जोराची सर वर्षाचे पीक लोळवते. आणि आपली माणसे नारळीच्या झावळ्यांच्या मांडवाखालून उठून मशिदीत जात आणि पाऊस मागत! आमचे एक वडीलधारे प्रार्थना मनापासून म्हणत आणि बाहेर आल्यावर पहिले आभाळाकडे पाहत. मागणे त्या दूरच्या देशासाठी होते, हे त्यांना माहीत होते. तरी भीती वाटेच.

1948 नंतर आम्ही त्या मागितलेल्या पावसाच्या देशात आलो. किनाऱ्यावर तो वर्षाला साधारण पाचशे मिलिमीटर पडतो, म्हणजे अलिबागेच्या एका आषाढाहूनही कमी, आणि तोही थंडीत. बाजारात 'बुरी' म्हणून मिळते ती आपली बोयच. उन्हाळ्यात लाटांबरोबर येणारी, अंगाची आग करणारी मेदुसाही मूळची येथली नव्हे. 1869 साली उघडलेल्या सुएझच्या कालव्यातून ती तांबड्या समुद्राकडून आली आणि 1970 नंतर या किनाऱ्यावर दिसू लागली. तिच्या आगमनाचे कोणी स्वागत केले नाही, एवढेच.

सिमहाथ तोरा झाला, पहिली सर पडली, की आमच्याकडील म्हाताऱ्या खिडकी उघडून उभ्या राहतात. मातीचा वास तसा येत नाही म्हणतात. मग अलिबागेस फोन लावतात आणि ख्यालीखुशाली विचारण्याआधी विचारतात, "तिकडचा पाऊस गेला ना? भात घरात आले का?"