खासगी खिडकी आणि दुसऱ्याचा संगणक

वैनगंगेच्या खोऱ्यातले आरमोरी हे कोशाच्या कापडासाठी ओळखले जाणारे तालुक्याचे गाव. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा झाला, तेव्हापासून ते नव्या जिल्ह्यात आहे. अशा गावांत इंटरनेट आधी आले ते दुकानातल्या आणि सेवा केंद्रातल्या संगणकावर; हातातल्या मोबाइलवर नंतर. जातीचा दाखला, सातबारा, भरतीचा अर्ज यांसाठी आजही अनेकांना दुसऱ्याच्याच संगणकापुढे बसावे लागते. म्हणून ब्राउझरच्या खासगी खिडकीचा इतिहास इथून पाहिला तर निराळा दिसतो. ‘साध्या खिडकीत चालते, खासगीत प्लगइन चालत नाही’ ही तक्रार बिघाड म्हणून नोंदली गेली. माझ्या मते बिघाड त्याआधीच्या काळात होता, जेव्हा सगळे बिनबोभाट चालत होते.

प्लगइनची सोय नेटस्केपने १९९०च्या दशकाच्या मध्यावर आणली. चलचित्र, खेळ, आवाज असे जे ब्राउझरला जमत नसे, ते दुसऱ्या कंपनीचा प्रोग्राम त्याच्या चौकटीत शिरून करून देई. १९९६ साली आलेले फ्लॅश हे त्यातले सर्वांत मोठे नाव. खासगी खिडकी बरीच नंतरची : सफारीत २००५, क्रोममध्ये २००८, इंटरनेट एक्सप्लोरर आणि फायरफॉक्समध्ये २००९. खिडकी बंद होताच इतिहास आणि कुकी पुसल्या जातील, हे तिचे आश्वासन. पण घरमालकाने सगळे घर झाडले तरी पोटभाडेकरूच्या कुलूपबंद खोलीला केरसुणी लागत नाही, तशी गत झाली. फ्लॅशचे स्वतःचे साठवणीचे ठिकाण होते. साधी कुकी चार किलोबाइटच्या आसपास. फ्लॅशला मात्र न विचारता १०० किलोबाइटपर्यंत लिहिता येई, आणि त्या नोंदींना मुदतही नसे. बर्कलीच्या संशोधकांनी २००९ साली सर्वाधिक पाहिली जाणारी शंभर संकेतस्थळे तपासली, तेव्हा त्यांतली ५४ अशा नोंदी ठेवताना आढळली. काही ठिकाणी तर पुसलेली साधी कुकी या नोंदीवरून पुन्हा उभी केली जात होती. पुढच्याच वर्षी स्टॅनफर्डच्या अभ्यासाने दाखवून दिले की प्लगइन आणि एक्स्टेन्शन (ब्राउझरला वरून जोडायचे छोटे प्रोग्राम) यांच्यामुळे खासगी खिडकीचे आश्वासन फोल ठरू शकते. म्हणजे तोवर खासगी खिडकीत फ्लॅश व्यवस्थित चालत होते, आणि माग ठेवून जात होते.

जून २०१०मध्ये फ्लॅशची १०.१ ही आवृत्ती आली आणि तिने खासगी खिडकीशी जुळवून घेतले. त्या खिडकीतल्या नोंदी सत्र संपताच नाहीशा होऊ लागल्या. साहजिकच जुन्या नोंदींवर विसंबलेले खेळ आणि पाने अडू लागली. एक्स्टेन्शनच्या बाबतीत क्रोमने आधीपासूनच परवानगीशिवाय खासगी खिडकीत प्रवेश नाकारला होता. फायरफॉक्स तिथे २०१९ साली पोहोचले. त्यामुळे आजही पान फक्त खासगी खिडकीतच अडत असेल, तर आधी एक्स्टेन्शनला परवानगी आहे का ते बघावे, मग ते पान त्रयस्थ कुकी मागते का ते. क्रोम २०२०पासून खासगी खिडकीत त्या मुळातच अडवते. दोन्ही खिडक्यांत अडत असेल तर खासगीपणाला दोष देण्यात अर्थ नाही. जुनी प्लगइन-व्यवस्था क्रोमने २०१५मध्ये काढून टाकली, फायरफॉक्सने २०१७मध्ये फ्लॅशपुरता अपवाद ठेवून. फ्लॅशचाही आधार ३१ डिसेंबर २०२० रोजी संपला आणि १२ जानेवारी २०२१पासून ते खुद्द त्याच्या कंपनीनेच बंद पाडले.

यावर एक आक्षेप व्यवहाराचा आहे. सरकारी ई-निविदा भरताना डिजिटल सहीसाठी जावाचे प्लगइन लागे. ते अडले तर ठेकेदाराने तत्त्वाचे काय करायचे? पण सही म्हणजे स्वतःची ओळख पटवणे. ते काम साध्या खिडकीत, स्वतःच्या संगणकावर व्हावे हेच रास्त. तिथला खरा दोष सरकारी कामाला एका विशिष्ट प्लगइनच्या दावणीला बांधण्याचा होता.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. सायबर कॅफेसाठी २०११ साली केंद्र सरकारने नियम केले. त्यांनुसार ग्राहकाची ओळख आणि त्याने पाहिलेल्या संकेतस्थळांची नोंद चालकाने किमान वर्षभर जपायची आहे. कप्प्याची भिंत साडेचार फुटांपेक्षा उंच नको, इथपर्यंत कायद्याची नजर गेली. मग खासगी खिडकी ही नुसती समजूतच नव्हे काय? चालकापासून आणि सरकारपासून लपण्यासाठी म्हणाल तर होय, आणि तिने तसे वचनही कधी दिले नव्हते. तिचे संरक्षण आहे ते आपल्यानंतर त्याच खुर्चीत बसणाऱ्या अनोळखी माणसापासून. स्वतःचा संगणक असलेल्याला या संरक्षणाची मातब्बरी नसेल. दाखल्यासाठी केंद्रात आलेल्या माणसाचे तसे नाही. त्याचा आधार क्रमांक, मोबाइल क्रमांक, जमिनीचा तपशील त्या पडद्यावरून जातो. एखादे सजवलेले पान न उघडणे ही त्यापुढे फारच किरकोळ किंमत आहे.

मात्र या खिडकीत उतरवून घेतलेली फाइल ती बंद केल्यावरही संगणकावर तशीच राहते. दाखल्याची किंवा सातबाराची प्रत छापून झाली की उठण्याआधी ती डाउनलोडच्या फोल्डरमधून आणि रिसायकल बिनमधूनही चालकाला काढायला लावा.