व्यवसाय कर आणि रोजगार हमी निधी : एका वित्तीय व्यवस्थेचा इतिहास

महाराष्ट्रातील रोजगार हमी योजनेचा इतिहास सामान्यतः दुष्काळ, वि. स. पागे यांचे कार्य आणि शेतमजुरांच्या चळवळी या अंगांनी लिहिला गेला आहे. ज्या निधीवर ही हमी उभी राहिली तो निधी आणि त्यातील एक प्रमुख कर गोळा करणारे विक्रीकर खाते यांची दखल त्या मानाने थोडी घेतली गेली. प्रस्तुत लेखात या दुसऱ्या बाजूचा विचार केला आहे.

विधानपरिषदेचे सभापती असलेल्या पागे यांच्या पुढाकाराने सांगली जिल्ह्यात प्रयोग झाला आणि १९७२ मध्ये योजना राज्यासाठी स्वीकारली गेली. परंतु लगेच ओढवलेल्या दुष्काळात कामे टंचाई निवारणाच्या जुन्या चाकोरीतूनच चालवावी लागली. दुष्काळी काम हा सरकारच्या मर्जीचा भाग होता. पाऊस पडला की काम बंद. हमी मात्र कायमची, म्हणून तिला उत्पन्नही कायमचे हवे होते.

ही गरज व्यवसाय कराने भागविली. यासंबंधीचा अधिनियम १९७५ चा. कर १ एप्रिल १९७५ पासून लागू झाला. व्यापाऱ्यांच्या नोंदी ज्याच्याकडे आधीच होत्या त्या विक्रीकर खात्याकडे वसुली सोपविण्यात आली. पगारदारांचा कर मालकाने कापून भरावयाचा, स्वतंत्र व्यावसायिकाने स्वतः नोंदणी करावयाची. संविधानाच्या २७६ व्या अनुच्छेदानुसार या कराची कमाल मर्यादा वार्षिक २५० रुपये होती; १९८८ च्या साठाव्या घटनादुरुस्तीने ती २,५०० रुपये झाली. महाविद्यालयीन अध्यापकाच्या वेतनातून दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये वजा होतात, त्यामागे ही मर्यादा आहे. ती वजावट मुळात कशासाठी सुरू झाली, हे अध्यापक कक्षात क्वचितच विचारले जाते! मर्यादेमुळे वरिष्ठ अधिकारी आणि साधा लिपिक एकच रक्कम भरतात, हा या कराचा उघड दोष होय.

व्यवसाय कराच्या जोडीला मोटार वाहने, विक्रीकर, जमीन महसूल, बागायती जमिनी आणि शहरांतील बिगरनिवासी मालमत्ता यांवरही वाढीव भार बसविण्यात आला. या करांच्या निव्वळ उत्पन्नाइतकीच रक्कम राज्याने आपल्याकडून घालावी, अशी तरतूद १९७७ च्या रोजगार हमी अधिनियमात होती. विधिमंडळाने एकमताने संमत केलेला हा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अंमलात आला. शहरी पगारदाराचा पैसा कोरडवाहू भागातील मजुराकडे वळविणाऱ्या या व्यवस्थेला बागायतदारांनी विरोध का केला नाही? हेरिंग आणि एडवर्ड्‌स यांनी १९८३ मध्ये दाखविल्याप्रमाणे योजनेतून झालेल्या बांधबंदिस्ती, रस्ते व पाटबंधारे यांचा लाभ जमीनदार वर्गालाही होत होता. हे स्पष्टीकरण पटण्याजोगे आहे. मात्र त्यामुळे मजुराला मिळालेल्या कायदेशीर हक्काचे मोल कमी होत नाही. पंधरा दिवसांत काम न दिल्यास बेकारी भत्ता देण्याचे बंधन शासनावर आले. हा भत्ता किमान एक रुपया रोज इतका तुटपुंजा होता, तरी तत्त्व मान्य झाले होते.

खरी कसोटी १९८८ नंतर लागली. त्या वर्षी किमान वेतनाबरोबर योजनेची मजुरीही दुपटीच्या आसपास गेली आणि कामावरील उपस्थिती घसरली. रॅव्हॅलियन, दत्त आणि चौधरी यांनी १९९३ च्या अभ्यासात काम मागणाऱ्यांना ते मिळणे कठीण झाल्याचा निष्कर्ष काढला. निधीची अडचण होती असे म्हणावे, तर करांचे उत्पन्न वाढतच होते. पुढे अनेक वर्षी ते योजनेवरील खर्चाहून अधिक राहिले. कराची वसुली कामाच्या मागणीशी जोडलेली नव्हती. मागणी नोंदविणारी यंत्रणा महसूल खात्याची, वसुली करणारी विक्रीकराची. निधी सुरक्षित राहिला, पण तो खर्च करण्याची सक्ती त्यात नव्हती.

केंद्राच्या २००५ च्या कायद्याने अकुशल मजुरीचा भार प्रामुख्याने केंद्राकडे गेला आणि २००६ मध्ये राज्याच्या अधिनियमात त्यानुसार बदल झाले. व्यवसाय कर मात्र थांबला नाही. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला तेव्हा राज्याचे अनेक कर त्यात विलीन झाले. स्वतंत्र घटनात्मक आधारामुळे व्यवसाय कर त्याबाहेर राहिला. १ एप्रिल २०२३ पासून दरमहा २५,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्या स्त्रियांना त्यातून सूट मिळाली.