सत्त्याण्णव नंबरचं जनुक

विषाणुशास्त्राच्या वर्गात हर्पिसचं घराणं आलं, की मी सायटोमेगॅलोव्हायरसपाशी रेंगाळते. कांजिण्या आणि नागीण मुलांनी घरात पाहिलेली असते. हा विषाणू मात्र कितीतरी जणांच्या शरीरात आयुष्यभर निपचित असतो आणि किडनी बदललेल्या माणसाची प्रतिकारशक्ती औषधांनी दाबली, की उसळतो.

१९७७मध्ये अमेरिकेत बरोज वेलकम कंपनीतल्या गर्ट्रूड एलियन यांच्या गटानं असायक्लोव्हिर या हर्पिसवरच्या औषधाचं काम कसं चालतं ते मांडलं. हर्पिस सिम्प्लेक्सचं थायमिडीन कायनेज हे एन्झाइमच औषधाला फॉस्फेट जोडतं आणि त्याशिवाय औषध काम करत नाही. निरोगी पेशीत ते फारसं जोडलं जात नाही. सायटोमेगॅलोव्हायरसकडे हे एन्झाइमच नाही. तरी असायक्लोव्हिरचं भावंड गॅन्सिक्लोव्हिर त्याच्यावर लागू पडत होतं. १९८९मध्ये एड्सच्या रुग्णांची दृष्टी वाचवायला अमेरिकेत त्याला मंजुरीही मिळाली. मग त्याला फॉस्फेट जोडत होतं कोण?

उत्तर जनुकांच्या वाचनातून आलं. केंब्रिजला मार्क ची, बार्ट बॅरेल आणि सहकाऱ्यांनी या विषाणूच्या डीएनएची सुमारे २ लाख २९ हजार अक्षरं वाचून १९९०मध्ये प्रसिद्ध केली. त्यातलं यूएल९७ हे जनुक प्रोटीन कायनेजसारखं, म्हणजे प्रथिनांना फॉस्फेट जोडणाऱ्या एन्झाइमसारखं दिसत होतं. १९९२मध्ये 'नेचर'च्या एकाच अंकात दोन गटांनी दाखवलं, की औषधाला फॉस्फेट जोडणारं एन्झाइम हेच.

इथं बहुतेक पुस्तकं थांबतात आणि मला ते खटकतं. विषाणूनं हे एन्झाइम आपल्या औषधासाठी थोडंच बाळगलंय! पेशीच्या विभाजनाला लगाम घालणारं आरबी नावाचं प्रथिन आहे. एरवी पेशीची स्वतःची कायनेजं वेळ पाहून त्याला फॉस्फेट जोडतात आणि लगाम सैल करतात. यूएल९७ ते काम परस्पर उरकतं, पेशीच्या नेहमीच्या अटकावाला न जुमानता. विस्कॉन्सिनच्या रॉबर्ट कलेता यांच्या गटानं २००८मध्ये हे मांडलं. केंद्रकाच्या आतलं लॅमिन प्रथिनांचं अस्तरही हेच एन्झाइम फॉस्फेट जोडून ढिलं करतं आणि नव्या विषाणूकणांना बाहेरची वाट मिळते. मुलांकडून मी ही दोन्ही चित्रं वहीत काढून घेतेच.

यूएल९७लाच रोखणाऱ्या मारिबाव्हिरला अमेरिकेत २०२१मध्ये मंजुरी मिळाली, प्रत्यारोपणानंतर जुनी औषधं लागू न पडणाऱ्या रुग्णांसाठी. ते गॅन्सिक्लोव्हिरसोबत मात्र देत नाहीत, कारण यूएल९७ अडलं की गॅन्सिक्लोव्हिरला पहिला फॉस्फेट मिळत नाही.